आंतरजालाचे व्यसन आणि विद्यार्थ्याचे मन

प्रत्येक वर्तनास विकार ठरविण्याच्या मानसोपचारशास्त्राच्या हौसेची टर उडवावी, एवढ्याच हेतूने न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ आयव्हन गोल्डबर्ग यांनी १९९५ साली ‘इंटरनेटच्या व्यसना’ची लक्षणे लिहून काढली, परंतु पुढच्याच वर्षी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी हा विषय गांभीर्याने शास्त्रापुढे ठेवला, आणि जुगाराच्या विकाराच्या कसोट्या आधारास घेऊन आठ प्रश्नांची एक प्रश्नावली सिद्ध केली. पाच प्रश्नांना होकार देणारा व्यसनाधीन, असा तिचा दंडक होता.

जुगाराचा हा आधार अकारण नव्हता. बक्षीस कितव्या खेपेस मिळेल हे अनिश्चित असले की प्राणी ती क्रिया अधिक चिकाटीने करीत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी पारव्यांवरील प्रयोगांत दाखविले होते. आणि पुढचा संदेश कोणाचा, आपल्या छायाचित्रास दाद किती, ही अनिश्चितता तर मोबाइलच्या पडद्यावर अष्टौप्रहर हजर असते.

तथापि हे आमिष सर्वांपुढे सारखेच असता काहीच का गुंततात? कॅनडातील संशोधक डेव्हिस यांनी २००१ साली असे प्रतिपादिले की, नैराश्य, समाजभय वा एकाकीपणा मनात आधीच वसत असेल, आणि प्रत्यक्ष जगात आपली किंमत शून्य, आंतरजालावर मात्र आपण कोणीतरी आहोत, अशी समजूत त्यावर दृढ झाली असेल, तरच ही सवय विकृतीस पोहोचते. घरची देखरेख सुटून वसतिगृहात दाखल झालेला, दिवसाच्या वेळेचा एकाएकी मुखत्यार बनलेला विद्यार्थी या अवस्थेस विशेष जवळचा. अभ्यासाची धास्ती वाटली की तो पडद्याकडे वळतो, धास्ती घटकाभर ओसरते, आणि ती ओसरणे हेच बक्षीस ठरून पलायनाची सवय पक्की होते. राहिलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी धास्ती दुणावतो.

एकाकीपणामुळे व्यसन जडते की व्यसनामुळे एकाकीपणा येतो, हा वाद अद्याप निकालात निघालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगसूचीच्या अकराव्या आवृत्तीत डिजिटल खेळांच्या अतिरेकास स्वतंत्र विकाराचा दर्जा दिला, समग्र इंटरनेटच्या वापरास नव्हे. उपचाराची सोय मात्र आपल्याकडेही आहे: बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१४ साली यासाठी खास चिकित्सालय सुरू केले.

पालकांनी व प्राध्यापकांनी एवढे ध्यानी धरावे की, तासांच्या हिशेबाने निदान होत नाही आणि मोबाइल जप्त केल्याने रोग जात नाही. मुलगा कशापासून पळतो आहे, याची चौकशी आधी व्हावी.