कुणाच्या बाजूने आलं?

बाळ सहा-सात महिन्यांचं. तोवर अगदी गुटगुटीत. एक दिवस हातापायांचे पंजे सुजतात, हात लावला की ते कळवळून रडतं. कुणी म्हणतं दृष्ट लागली, कुणी म्हणतं दात येत असतील. तपासणीत सिकलसेल निघतो, आणि घरातला पहिला प्रश्न आजाराचा नसतोच. ‘हे आलं कुणाच्या बाजूने?’ तोवर सगळ्यांच्या नजरा आईकडे वळलेल्या असतात. विदर्भात आणि नंदुरबारकडे किती सुनांनी हा प्रश्न मुकाट्याने झेलला असेल!

त्याचं उत्तर आहे: दोन्ही बाजूंनी. सिकलसेलचा ‘एसएस’ रुग्ण जन्मायला सदोष जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून यावी लागते. एकट्या आईकडून आलेल्या प्रतीने मूल ‘एसएस’ होत नाही. विटाळ, शाप, गरोदरपणी खाल्लेलं काही, यांतल्या कशाचाही इथे संबंध नाही. हा आजार स्पर्शाने, उष्ट्याने किंवा डासानेही पसरत नाही.

जनुकीय बदल, म्हणजे उत्परिवर्तन, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सिनेमातले राक्षस येतात. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा एका अक्षराचा फरक असतो. आपल्या डीएनएच्या एका संचात ए, टी, जी, सी या चार अक्षरांची सुमारे 300 कोटींची माळ आहे. तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द, आणि प्रत्येक शब्द प्रथिनातला एक मणी ठरवतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत असे 146 मणी आहेत. त्यातल्या सहाव्याचा शब्द आहे ‘जीएजी’. त्याचा अर्थ ग्लुटामिक आम्ल.

या एका शब्दाकडे जरा थांबून पाहू. शेवटचं अक्षर बदलून ‘जीएए’ झालं, तर अर्थ तोच राहतो, मणी तोच राहतो, काहीही होत नाही. पहिलं बदलून ‘एएजी’ झालं, तर लायसिन येतं. पश्चिम आफ्रिकेत आढळणारं हे हिमोग्लोबिन-सी, त्याचा त्रास बहुधा सौम्य असतो. आणि मधलं बदलून ‘जीटीजी’ झालं की व्हॅलीन येतं. व्हॅलीनला पाणी नकोसं असतं. ऑक्सिजन सोडल्यावर अशी हिमोग्लोबिनं एकमेकांना चिकटून लांब काड्या होतात आणि त्या काड्या गोल लवचीक पेशीला आतून ताणून विळ्यासारखी करतात. विळे बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तिथून मरणाच्या वेदना उठतात. निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांत संपते, म्हणून रक्त सतत कमी.

तेव्हा ‘बदल म्हणजे बिघाड’ हा समज सोडायला हवा. प्रत्येक नवजात बाळात आईवडिलांत नसलेले काही डझन नवे बदल असतातच. तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत. बहुतेकांचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही.

एकच सदोष प्रत असलेले ते ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहक हा रुग्ण नव्हे, आणि वय वाढलं म्हणून ‘एएस’चा ‘एसएस’ होत नाही. उलट 1954 साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की वाहकांना फाल्सिपेरम मलेरियापासून संरक्षण मिळतं. मात्र मलेरियामुळे हा बदल घडला, असं नाही. बदल आंधळेपणाने घडला. मलेरियाच्या मुलखात वाहक मुलं जास्त जगली आणि तो टिकला. आपल्याकडे आदिवासी समाजांबरोबर इतर अनेक समाजांतही तो आहे. ‘हा आमच्यातला आजार नाही’ म्हणून तपासणी टाळणं धोक्याचं आहे.

दोघे वाहक असतील, तर ‘चारात एक’ हा हिशेब सर्वांत जास्त फसवतो. पहिलं मूल आजारी झालं, आता पुढची तीन सुटली, असं मानणारी जोडपी मी पाहिली आहेत. प्रत्येक गरोदरपणात तोच 25 टक्के धोका नव्याने उभा राहतो. जोडीदारांपैकी एक सिकलसेलचा आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असला, तरीही मुलाला गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून लग्नाआधी दोघांचीही तपासणी हवी. सोल्युबिलिटी चाचणीत रक्ताचे काही थेंब द्रावणात टाकून नळी छापील रेघांपुढे धरतात. रेघा दिसल्या नाहीत, तर सिकल हिमोग्लोबिन आहे. पण ‘एएस’ की ‘एसएस’ हे ती सांगत नाही, थॅलेसेमियाही पकडत नाही; त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते.

‘जन्मजात आहे, मग औषध कसलं?’ हेही खरं नाही. सुरुवातीचं बाळ सहा महिने गुटगुटीत का होतं? गर्भातलं हिमोग्लोबिन वेगळ्या जनुकातून बनतं, त्यात ही चूक नसते, आणि जन्मानंतर काही महिने ते पुरतं. हायड्रॉक्सियुरिया हे औषध शरीराला तेच हिमोग्लोबिन पुन्हा बनवायला लावतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज घेतलं, तर वेदनेचे झटके कमी होतात. 2023 च्या नोव्हेंबरात ब्रिटनने मंजूर केलेली जनुक-संपादनाची उपचारपद्धतीही ‘जीटीजी’चं ‘जीएजी’ करत नाही. गर्भातल्या हिमोग्लोबिनवरचा ब्रेक ती काढते. अमेरिकेत तिची किंमत 22 लाख डॉलर आहे. हायड्रॉक्सियुरियाची गोळी मात्र स्वस्त आहे.