एकटेपणावर टपलेली भरती

डिसेंबर 2016मध्ये जकार्ताजवळच्या बेकासीत पोलिसांनी एका तरुणीला पकडलं. दुसऱ्याच दिवशी ती राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादापाशी, पहारा बदलताना, प्रेशर कुकरमध्ये बनवलेला बॉम्ब अंगावर घेऊन फोडणार होती. त्याआधी तिने सिंगापूर आणि तैवानमध्ये घरकाम केलं होतं. ती जहाल झाली ती फेसबुकवरच्या ओळखींतून. कटाची सूत्रं सीरियात बसलेल्या बहरून नईम या इंडोनेशियन माणसाच्या हाती होती. त्याच महिन्यात आणखी एक बाई पकडली गेली. ती हाँगकाँगमध्ये घरकाम करून आलेली होती आणि तिचा रोख बालीवर होता.

हाँगकाँगमध्ये तेव्हा सुमारे दीड लाख इंडोनेशियन कामगार होते, बहुतेक बायकाच. जकार्तातल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर पॉलिसी ॲनालिसिस ऑफ कॉन्फ्लिक्ट’ने 2017मध्ये त्यांचा अभ्यास केला, तेव्हा जहाल वर्तुळात पन्नासच्या आसपास बायका सापडल्या. हे प्रमाण आधी नीट ध्यानात घ्यायला हवं. उरलेल्या जवळजवळ दीड लाख जणी राबत होत्या, घरी पैसे पाठवत होत्या. त्या सगळ्यांकडे संशयाने पाहणं हा अन्याय तर आहेच, शिवाय दहशतवादी गटांसाठी भरती करणाऱ्याचं काम सोपं करणंही आहे.

भरती करणारा माणूस बॉम्बची भाषा बोलत येत नाही. घरकाम करणाऱ्या बाईला मालकाच्याच घरी राहावं लागतं, हाँगकाँगचा तसा नियमच आहे. सुरुवातीचे कित्येक महिने पगारातून एजन्सीचे पैसे कापले जातात. गावी नवरा दुरावलेला असतो, मुलं आजीकडे वाढत असतात. रात्री भांडी आवरून झाल्यावर हातात उरतो तो फोन. अशा वेळी कुणीतरी ‘जेवलीस का?’ असं विचारतं. नमाज, पोशाख, पापपुण्य यांविषयी तिला पडलेल्या प्रश्नांना धीराने उत्तरं देतं. मग सीरियातल्या जखमी मुलांचे फोटो येतात, टेलिग्रामवरच्या बंद गटाचं आमंत्रण येतं, कधी लग्नाची मागणी येते आणि शेवटी पैशांची. तिचा नियमित पगार ही या गटांची मोठीच गरज असते. सिंगापुरात 2020मध्ये अशा तीन घरकामगार बायकांना तुरुंगवास झाला. त्यांपैकी दोघींनी पाठवलेली रक्कम प्रत्येकी दीडशे सिंगापूर डॉलरांहूनही कमी होती. तेवढ्यासाठी एकीला दीड आणि दुसरीला दोन वर्षं.

पुरुष कामगारही जहाल गटांत ओढले गेले. सिंगापूरने 2015च्या अखेरीस बांधकामावरचे 27 बांगलादेशी मजूर पकडले आणि त्यांतल्या 26 जणांना मायदेशी धाडलं.

पकडणं आणि परत धाडणं आवश्यक असेलही, पण तोवर उशीर झालेला असतो. मला वाटतं, खरा प्रतिबंध सुट्टीच्या दिवसापासून सुरू होतो. हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया पार्कात रविवारी इंडोनेशियन बायकांची गर्दी लोटते. डबे उघडतात, गाणी होतात, कामगार संघटनांची माणसं पगाराचा हिशेब समजावून सांगतात. धर्माविषयीचे प्रश्नही इथे समोरासमोर विचारता येतात, उत्तर देणाऱ्याचा चेहरा दिसतो. सिंगापुरात मात्र पैशांच्या मोबदल्यात रद्द करता येणार नाही अशी हक्काची सुट्टी मिळायला 2023 उजाडावं लागलं, तीही महिन्यातून एकच.

देश सोडण्याआधी या बायकांना प्रशिक्षण मिळतं. त्यात भाषा आणि घरकामाबरोबर या भरतीची रीतही सांगायला हवी: धर्मादाय म्हणून मागितलेला पैसा कुठे जातो, भेट न होता लग्नाची घाई करणारा माणूस काय साधू पाहतो. असं सांगणारी जर परदेशात राबून परतलेली बाई असेल, तर ते ऐकलं जाईल.

बदल सगळ्यात आधी जाणवतो तो मैत्रिणीला. जाळ्यात ओढली जाणारी बाई अचानक बोलेनाशी होते, जुने फोटो काढून टाकते, पार्कात येणं सोडते. पण मैत्रिणीने हे सांगायचं कुणाला? पोलिसांकडे गेलं तर नोकरी जाईल, व्हिसा जाईल आणि गावाकडचं कर्ज तसंच राहील, कदाचित दोघींचंही. म्हणून वकिलातीत किंवा कामगार संघटनेत तिच्या भाषेत बोलणारी, लगेच फाइल न उघडणारी एखादी बाई रविवारी बसलेली हवी. गुन्हा घडण्याआधी मदत मागणाऱ्या कामगाराचा व्हिसा रद्द होणार नाही, हे हाँगकाँग आणि सिंगापूरच्या सरकारांनी लेखी द्यायला हवं.