काळ्या रानातलं घर आणि दुष्काळाचं वर्ष

मे महिन्यात परभणी-बीडकडच्या एखाद्या न नांगरलेल्या काळ्या रानात गेलं, की पायाखाली भेगांचं जाळं दिसतं. भेगेत काठी घातली तर दोन-दोन फूट सहज आत जाते. शेतकऱ्याला त्याचं नवल नाही. पण तेच रान एन.ए. होतं, प्लॉट पडतात, वर आरसीसीचं घर उभं राहतं आणि दुष्काळाच्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. मग घरमालक गवंड्याला बोल लावतो, गवंडी सिमेंटला आणि सिमेंटवाला पाण्याला. मातीचं नाव कोणी काढत नाही. पूर्वी गावं पांढरीवर वसायची आणि काळी पेरणीसाठी राखलेली असायची. शहरं वाढली तशी वस्ती काळीत उतरली, पाया घालायची रीत मात्र पांढरीवरचीच राहिली.

‘सिमेंट कमी घातलं म्हणून भिंत फाटली’ हे वाक्य म्हणूनच सगळ्यात आधी तपासायला हवं. कधी कधी ते खरंही असतं. पण सिमेंट जास्त घातल्याने तिरकी चीर टळत नाही. उलट गरजेपेक्षा जास्त सिमेंटचा माल वाळताना जास्त आकसतो. प्लास्टरवर कोळिष्टकासारख्या केसभर रेघा असतील तर त्या बहुतेक प्लास्टरच्याच. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी, वर रुंद आणि खाली निमुळती होत जाणारी, कोपऱ्याकडे कललेली चीर दिसली, तर भिंतीऐवजी जमिनीकडे पाहावं.

दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन ही काळी माती तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे थर इतके पातळ आणि एकमेकांना इतके सैल धरलेले असतात, की पाणी थेट थरांच्या मध्ये शिरतं आणि त्यांना दूर ढकलतं. पाणी गेलं, की थर पुन्हा जवळ येतात. पावसाळ्यात फुगायचं आणि उन्हाळ्यात आकसायचं, हे दरवर्षी चालतं. ओल अशी ऋतूप्रमाणे कमी-जास्त होते ती आपल्याकडच्या खोल काळ्या जमिनीत साधारण साडेतीन मीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ बारा फूट. त्याच्या खाली माती बारा महिने बरीचशी एकसारखी राहते.

फुगणं आणि आकसणं सगळीकडे सारखं झालं असतं, तर घर गुपचूप वर-खाली झालं असतं आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण घराने झाकलेल्या जमिनीला ऊन लागत नाही, तिथली ओल उडत नाही, वर्षानुवर्षं ती साठत जाते. बाहेरच्या कडेची माती मात्र उघडी असते. सलग दोन वर्षं पाऊस दगा देतो, तेव्हा कडा आणि कोपरे खाली बसतात, मधला भाग जागेवर राहतो किंवा फुगून वर आलेला असतो. हॉलच्या मधोमध शहाबादी फरशी उचलली गेली आहे आणि कोपऱ्यातलं दार चौकटीत अडकतं आहे, ही जोडी एकाच घरात दिसते ती यामुळे.

यातून दुसरा गैरसमज उलगडतो. बांधकामवाले म्हणतात, दुष्काळात जमीन दगडासारखी टणक झाली आहे, पाया घालायला याहून चांगली वेळ नाही. खोदाई कोरडी होते, चिखल नसतो, हे खरं. पण माती जितकी कोरडी, तितकी तिची फुगायची ताकद शिल्लक. मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीवर दोन-अडीच फुटांचा पाया घेतला आणि जुलैत चांगला पाऊस झाला, तर तो पाया खालून उचलला जातो. इथे अनेकांचा तर्क उलटा चालतो. त्यांना वाटतं, घर एकमजलीच आहे, भार कमी, मग काळजी कसली? काळ्या जमिनीत हलकं बांधकामच आधी फाटतं, कारण मातीच्या उचलीला दाबून धरायला त्याचं वजन पुरत नाही. कंपाउंडची भिंत, ओटा, बाहेरचा संडास आधी वाकडे होतात आणि शेजारची तीनमजली इमारत तशीच उभी असते, ती याचमुळे.

माती किती फुगरी आहे, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. दोन काळ्या जमिनी सारख्या नसतात. त्यासाठी भारतीय मानकात एक साधी चाचणी आहे. भट्टीत वाळवून बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन काचेच्या नळ्यांत घेतात. एकीत पाणी ओततात, दुसरीत रॉकेल. ढवळून हवेचे बुडबुडे काढतात आणि २४ तास तसंच ठेवतात. रॉकेल थरांच्या मध्ये शिरत नाही, त्यामुळे त्या नळीतली माती आहे तेवढीच राहते. दुसऱ्या नळीत ती फुगून वर चढलेली असते. रॉकेलमध्ये १२ मिलिलिटर आणि पाण्यात २१ भरली, तर फुगवटा ७५ टक्के. ५० च्या आत तो कमी धरतात, १०० च्या वर गेला की जास्त. इतकी सोपी चाचणी असून प्लॉट घेताना सातबारा दहादा पाहणारा माणूस ती करून घेत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

‘चार फूट खोदा, वाळू भरा, काम फत्ते’ हा सल्लाही सर्रास मिळतो. वाळू स्वतः फुगत नाही, एवढंच त्यात बरोबर आहे. पण आजूबाजूच्या काळीतून पाणी हळू मुरतं आणि वाळूतून भराभर. म्हणजे पावसाचं पाणी त्या खड्ड्यात येऊन साचतं आणि नेमक्या पायाखालच्या काळीला ओलं करत राहतं. त्यापेक्षा मुरूम बरा, तोही चिकट बंध असलेला, न फुगणारा, थरावर थर देऊन पाणी मारून धुम्मस केलेला. आयआयटी मुंबईतले प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात अशा न फुगणाऱ्या चिकट मातीच्या थराचा अभ्यास केला. असा जाड थर खालच्या काळीचा फुगारा बराचसा आवरतो, हे त्यांनी दाखवलं. पुढे काळ्या जमिनीतल्या कालव्यांच्या अस्तरासाठी ही पद्धत मानकात आली.

काळी उथळ असेल तर पक्का मुरूम लागेपर्यंत खोदणं सगळ्यात सरळ. ती बारा-पंधरा फूट खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने हा प्रकार आपल्याकडे रुजवला. ऑगरने साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल भोक पाडायचं, तळाशी खोडाच्या अडीच पट रुंदीचा फुगवटा कोरायचा आणि सळई घालून काँक्रीट भरायचं. फुगवटा स्थिर थरात रुतून बसतो, वरची माती कितीही हलली तरी. पाइलवरच्या बीमखाली साधारण आठ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवतात, म्हणजे फुगलेल्या मातीला बीम उचलायची संधीच मिळत नाही. ती पोकळी गवंड्याला अपूर्ण काम वाटते आणि तो प्रेमाने मुरूम ठोकून ती बुजवून टाकतो. कामावर लक्ष ठेवायचं ते इथे.

घराशेजारच्या भेगांत पाइप सोडून पाणी भरण्याचा उपाय मला सगळ्यात घातक वाटतो. एका कोपऱ्यात पाणी ओतलं की तोच कोपरा फुगतो. मोरीचा गळका पाइप आणि पायाला खेटून केलेला शोषखड्डा हेच काम रोज, न सांगता करतात. त्यापेक्षा घराभोवती पाच फुटांचा फरसबंद पट्टा करावा, उतार बाहेरच्या बाजूला द्यावा, म्हणजे कडेची माती ना फार भिजते ना फार वाळते. झाडाची मुळं पाया ‘फोडतात’ हेही बहुतेकदा खरं नसतं. दुष्काळात ती पायाखालची ओल शोषून घेतात आणि तिथली जमीन बसते. आणि मोठं झाड एकदम तोडलं, तर तीच जमीन पुढच्या पावसाळ्यांत परत फुगते.

आता काँक्रीटचं. एकदा नीट पक्कं झालेलं काँक्रीट दुष्काळाने तडकत नाही. ओलं असताना मात्र तडकतं. भर उन्हात, वाऱ्यात स्लॅब टाकला तर वरचं पाणी तासाभरात उडतं आणि पृष्ठभाग चिरतो. म्हणून संध्याकाळी किंवा पहाटे काम काढावं आणि स्लॅबवर ओलं गोणपाट अंथरावं. मानकानुसार किमान सात दिवस पाणी मारायचं, उष्ण-कोरड्या हवेत दहा, आणि आज बहुतेक दुकानांत मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटला अशा हवेत चौदा दिवस. पाणी वाचवायचं तर गोणपाटावर प्लास्टिक घाला. दिवस कमी करू नका.

टँकरचं पाणी म्हणजे पाणीच, असंही समजू नये. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं असतं. सळईच्या काँक्रीटसाठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्लोराइड ही वरची मर्यादा आहे. त्यापुढे गेलं तर काही वर्षांनी सळई गंजते, फुगते आणि स्लॅबचे पोपडे सुटतात. तो दोष मात्र मातीचा नसतो.

भेग पडलीच असेल तर लगेच सिमेंट थापू नये. उन्हाळ्यात रुंद झालेली चीर कडक मालाने भरली, तर पावसात माती फुगल्यावर ती शेजारी नवी वाट काढते. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ आणि तारीख टाका, मधोमध काचेची पातळ पट्टी चिकटवा. मेमध्ये, सप्टेंबरमध्ये आणि जानेवारीत रुंदी मोजून लिहून ठेवा. ऋतूबरोबर उघडझाप होत असेल तर आधी पाण्याच्या वाटा दुरुस्त करायच्या आणि भेग नंतर लवचिक भरावाने बुजवायची. काच फुटूनही भेग एकाच दिशेने वाढत असेल, तर तो वहीतला हिशेब घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जा.