मोटार का जळाली? नोंद मीटरमध्ये असते, ती वेळेत काढून घ्या

भीमा आणि घोडच्या काठाला, तसेच चासकमान आणि खडकवासल्याच्या कालव्याखाली दर उन्हाळ्यात एक गोष्ट घडते. ऊस पाण्यावर आलेला असतो, बंधाऱ्यात पाणी असते, आणि नेमकी तेव्हाच मोटार जळते. मग ती वर काढायची, वायंडिंग भरायला टाकायची, चार दिवसांनी पुन्हा सोडायची. पैसा जातो तो जातोच, पण हुकलेली पाण्याची पाळी भरून येत नाही.

यानंतर पारावर चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो व्होल्टेज नव्हते, कोणी म्हणतो फेज गेला होता, तर लाइनमन म्हणतो तुमची मोटारच जुनी. प्रत्येकाचे म्हणणे तोंडी असते आणि तोंडी बोलण्यावर डीपीची क्षमता वाढत नाही. खरे काय झाले ते लिहून ठेवणारा साक्षीदार मात्र बहुतेक वेळा जागेवरच असतो. तो म्हणजे इलेक्ट्रॉनिक मीटर. अडचण एवढीच की या साक्षीदाराची आठवण मर्यादित असते. ठरावीक नोंदींची जागा भरली की सर्वांत जुनी नोंद पुसली जाते आणि तिच्या जागी नवी बसते. म्हणून मोटार जळाल्यावर वायंडरकडे जाण्याआधी नोंदीची काळजी घ्या.

नोंद कोठे कोठे असते?

पहिली जागा तुमच्या स्वतःच्या मीटरची. एखादा फेज कधी गेला, कधी परत आला, वीज किती वाजता बंद झाली, याची नोंद तारीख-वेळेसह या मीटरमध्ये होते. पण आपल्याकडे कितीतरी कृषिपंपांना मीटरच नाही, अश्वशक्तीवर आकारणी होते. अशा वेळी दुसरी जागा पाहा. डीपीवर मीटर बसवलेले असेल तर तिथे नोंद सापडते. तिसरी जागा उपकेंद्रातील फीडरच्या मीटरची.

या तिन्हींत फरक आहे, तो नीट समजून घ्या. फीडरचे मीटर ११ किंवा २२ केव्हीच्या बाजूला असते. उपकेंद्रातून वीज गेली की नाही ते हे मीटर सांगेल. पण तुमच्या डीपीवरचा डीओ उडाला, तर त्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. त्यामुळे 'उपकेंद्रात सर्व ठीक होते' हे उत्तर खरे असूनही तुमच्या प्रश्नाचे उत्तर होत नाही. डीपीवरची नोंदच मागायला हवी.

आणखी एक मर्यादा. साधे मीटर व्होल्टेजचे आकडे पंधरा किंवा तीस मिनिटांच्या सरासरीने साठवते. दोन-चार सेकंदांचा झटका त्या सरासरीत बुडून जातो. तो पकडायचा तर पॉवर क्वालिटी मॉनिटर नावाचे यंत्र लागते. मोठे कारखाने आणि वीज लेखापरीक्षक ते वापरतात. सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा झटकासुद्धा ते टिपते. वारंवार मोटारी जळणाऱ्या डीपीवर हे यंत्र आठवडाभर लावावे, अशी लेखी मागणी ग्रामपंचायतीने वीज कंपनीच्या उपविभागाकडे करावी. यंत्र लावताना कालव्याचे आवर्तन चालू असावे. मोटारी बंद असताना घेतलेली नोंद काही कामाची नाही.

नोंद कशी उतरवतात?

मीटरची नोंद उतरवायला त्याच्या दर्शनी भागावर प्रकाशकिरणाने वाचणारी केबल टेकवतात. सील तोडावे लागत नाही. मॉनिटरची नोंद यूएसबी केबलने किंवा मेमरी कार्डावरून संगणकात घेतात. हे काम अधिकृत माणसाचेच. आपण स्वतः मीटरला हात लावू नये. सील तोडणे हा गुन्हा आहे. पण काम चालू असताना समोर उभे राहून पुढील चार गोष्टी जरूर पाहा.

१) यंत्रातले घड्याळ. यंत्रात किती वाजले आणि खरी वेळ काय, दोन्ही कागदावर लिहून घ्या. घड्याळ वीस मिनिटे पुढे असेल तर सगळ्या नोंदी वीस मिनिटांनी चुकतील.

२) मीटरचा किंवा यंत्राचा क्रमांक, डीपीचा क्रमांक आणि सीटीचे गुणोत्तर. गुणोत्तर चुकीचे भरले असेल तर प्रवाहाचे आकडे निरर्थक ठरतात.

३) मूळ फाइल जशीच्या तशी दोन ठिकाणी उतरवून घ्या. छापील कागद सोयीसाठी असतो, पुरावा म्हणून मूळ फाइल हवी.

४) फाइल उघडते आहे, तारखा पूर्ण आहेत, हे पाहिल्याशिवाय यंत्राची मेमरी साफ करू देऊ नका.

घड्याळाची गोष्ट किरकोळ समजू नका. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर भारताचे वीजजाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन जाळी एकदम गेली. आधी काय तुटले आणि नंतर काय, हे चौकशी समितीला उपकेंद्रांतल्या नोंदयंत्रांवरूनच जुळवावे लागले. त्यातही कित्येक ठिकाणची घड्याळे एकमेकांशी जुळत नव्हती. देशाच्या जाळ्याला जो नियम तोच आपल्या डीपीला.

नोंद वाचायची कशी?

घटनांच्या यादीत चार गोष्टी पाहायच्या: घटना कधी सुरू झाली, किती वेळ टिकली, कोणत्या फेजवर झाली आणि व्होल्टेज कुठपर्यंत गेले. नियमानुसार लघुदाबाचे व्होल्टेज जाहीर आकड्याच्या ६ टक्के वर किंवा खाली चालते. म्हणजे ४१५ व्होल्टच्या जोडणीला साधारण ३९० ते ४४०. मोटार चालू असताना घेतलेले आकडे याच्याशी ताडून पाहा. बहुतेक नोंदी पुढीलपैकी एका प्रकारात बसतात.

तिन्ही फेज एकदम शून्य: वरून वीज बंद झाली. उपकेंद्राच्या लॉगशीटशी वेळ जुळवा. नुसती वीज गेल्याने मोटार जळत नाही.

तिन्ही फेज तासन् तास खाली: डीपीवर भार जास्त आहे किंवा लघुदाबाची तार फार लांब गेली आहे. व्होल्टेज १० टक्के उतरले की मोटारीची ओढण्याची ताकद सुमारे १९ टक्क्यांनी घटते. तेच पाणी उचलायला ती जादा प्रवाह खेचते आणि तापते.

दोन फेज निम्म्यावर, एक पुरता: डीपीच्या वरच्या बाजूचा एक डीओ गेला. याउलट खालची फ्यूज गेली तर एकच फेज जातो. मात्र मोटार चालू असेल तर तिच्यातूनच त्या फेजवर उलटा दाब येतो, म्हणून आकडा शून्य दिसेलच असे नाही. सर्वांत जास्त मोटारी याच दोषात जळतात.

एक फेज एकदम चढलेला, दुसरा उतरलेला: न्यूट्रल सैल किंवा तुटलेला असण्याची शक्यता मोठी. गावठाणात टीव्ही, फ्रीज जळतात ते यामुळे. ग्रामसेवकांनी अशी नोंद दिसताच त्याच दिवशी तक्रार करावी.

फेज गेलेला नसतानाही असमतोल असू शकतो. समजा तीन आकडे ४०५, ४०० आणि ३८० आहेत. सरासरी ३९५ आली. सर्वांत दूरचा आकडा १५ व्होल्टने लांब, म्हणजे ३.८ टक्के असमतोल. ढोबळ नियम असा की या आकड्याचा वर्ग करून दुप्पट केली की मोटारीच्या तापमानात किती टक्के वाढ होईल ते कळते. इथे ती जवळजवळ २९ टक्के होते. बघायला फरक १५ व्होल्टचा, पण वायंडिंगचे आयुष्य त्यात खलास होते.

आपल्याही घरचे निघते

आता थोडे कडू. नोंद कोणाची बाजू घेत नाही. कित्येक डीपींवर असे दिसते की वीज आल्याच्या क्षणी तिन्ही फेज धाडकन खाली येतात आणि मग सावकाश वर चढतात. ही ऑटो स्विचची खूण. सुरू होताना मोटार नेहमीच्या सहापट प्रवाह खेचते. पंधरा-वीस मोटारी एकाच सेकंदाला सुरू झाल्या तर कोणती डीपी टिकेल? शिरूर-दौंड भागात रात्री शिवारात जायचे म्हणजे बिबट्याची धास्ती असते, म्हणून माणूस ऑटो स्विच लावतो. ते समजण्यासारखे आहे. पण मग निदान वेळ लावता येणारा टायमर बसवून प्रत्येकाने दोन-दोन मिनिटांच्या अंतराने मोटार सुरू होईल अशी पाळी लावावी. जोडीला योग्य क्षमतेचा कॅपॅसिटर आणि फेज गेल्यावर मोटार बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर असावा. नोंदीत मंजूर भारापेक्षा किती तरी जास्त प्रवाह दिसला, तर आकडे टाकणाऱ्यांचा विषयही गावानेच मिटवावा लागेल.

तक्रार कशी करावी?

मोटार जळाली त्याच दिवशी १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी उपविभागात लेखी अर्ज द्या: 'अमुक डीपीच्या मीटरची नोंद उतरवून जपून ठेवावी व प्रत द्यावी.' अर्जाची पोच घ्या. माहितीच्या अधिकाराखालीही प्रत मागता येते, पण त्याला तीस दिवसांची मुदत असते आणि तेवढ्यात मीटर जुनी नोंद पुसू शकते. म्हणून नोंद जपण्याचा अर्ज आधी, माहितीचा अर्ज नंतर. दाद लागली नाही तर कंपनीच्या तक्रार कक्षाकडे, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आणि शेवटी विद्युत लोकपालाकडे जाता येते. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांच्या नावातच 'वीज गुणवत्ता' हा शब्द आहे. तेव्हा चांगले व्होल्टेज मागणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे.

नोंद हाती आली की जळालेल्या मोटारीचे पैसे हमखास मिळतील, असे समजू नका. पण डीपीची क्षमता वाढवणे, जादा डीपी, डीओ आणि न्यूट्रलची दुरुस्ती, या मागण्यांना आकड्यांचा आधार मिळतो, आणि पुढची मोटार वाचते.

सरपंच आणि ग्रामसेवकांना एक विनंती. गावच्या पाणीपुरवठ्याच्या मोटारघरात एक वही ठेवा. मोटार चालू करताना आणि बंद करताना वेळ, तिन्ही फेजचे व्होल्टेज आणि प्रवाह लिहायला पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला सांगा. मीटरची नोंद पुसली गेली तरी वही राहते, आणि दोन्ही जुळल्या तर कोणालाही नाही म्हणता येत नाही.