शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना : प्रवरेचा धडा

माल पिकविणारा गरीब आणि त्याच मालावर प्रक्रिया करणारा श्रीमंत, असें चित्र मागासलेल्या मुलुखांत वारंवार दिसतें. कच्च्या मालाचें मोल वाढतें तें कारखान्यांत, आणि कारखाना बहुधा परक्याचा असतो. उसाच्या बाबतींत तर शेतकरी अधिकच परस्वाधीन होतो. कारण तोडलेला ऊस लवकर गाळला न गेल्यास साखरेचा उतारा घटतो. भावासाठीं अडून बसण्यास त्याला सवडच राहत नाहीं.

यांतून वाट कशी काढावी, हें प्रवरा कालव्यांवरील शेतकऱ्यांनीं दाखविलें. भंडारदरा धरण १९२६ सालीं पुरें झाल्यावर तेथें उसाची लागवड वाढली; परंतु गुळाचे भाव कोसळले कीं बागाईतदार कर्जांत बुडे. तेव्हां लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनीं गांवोगांव हिंडून भागभांडवल जमविलें. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले. १९४८ सालीं संस्थेची नोंदणी झाली आणि १९५०-५१ च्या हंगामांत महाराष्ट्रांतील हा पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला.

त्याची घडण ध्यानांत घेण्याजोगी आहे. ऊस पुरविणारा सभासद हाच मालक. भाग कितीही असले तरी मत एकच. खासगी कंपनींतील नफा दूरच्या भागीदारांकडे जातो. येथें तो उसाच्या भावाच्या रूपानें सभासदाच्या घरीं परत येतो. शंभर टन उसापासून सुमारें दहा-अकरा टन साखर निघते. शिवाय चिपाड जळणास व मळी मद्यार्कास उपयोगी पडते. हा सारा पैसा त्याच टापूंत खेळतो. त्यांतूनच प्रवरेच्या परिसरांत पुढें शाळा, महाविद्यालयें व रुग्णालय उभें राहिलें.

परंतु नुसत्या सहकाराच्या नांवानें भरभराट होत नाहीं. मागाहून निघालेले कित्येक कारखाने कर्जापायीं बंद पडले, कांहीं विकलेही गेले. उसाचा तुटवडा, गरजेबाहेरची नोकरभरती आणि सभासदांची बेफिकिरी हीं त्याचीं नेहमींचीं कारणें होत. यास्तव शेतकरी बंधूंनीं वार्षिक सभेस अवश्य जावें व ताळेबंद वाचावा. साखरेचा उतारा, तोडणी-वाहतुकीचा खर्च आणि कर्जावरील व्याज हीं तीन कलमें मागील सालाशीं ताडून पाहावीं, आणि तफावत दिसल्यास भर सभेंत खुलासा मागावा. आपल्या विहिरीच्या पाण्यावर आपण जशी नजर ठेवतों, तशीच ती आपल्या कारखान्याच्या हिशेबावरही ठेवली पाहिजे.