विश्लेषण : कडाक्याच्या थंडीत वीज गेली, तर घर उबदार कसे ठेवायचे?

अमेरिकेतील टेक्सास राज्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या ‘उरी’ हिमवादळात ४५ लाखांहून अधिक घरे आणि आस्थापनांची वीज गेली. राज्याच्या आरोग्य विभागाच्या अंतिम अहवालात २४६ मृत्यूंची नोंद आहे. त्यातील जवळपास दोन तृतीयांश मृत्यू थंडीने शरीराचे तापमान घसरल्यामुळे झाले. तर १९ जण कार्बन मोनॉक्साइड वायूचे बळी ठरले. म्हणजे थंडीइतकेच ऊब मिळवण्याचे चुकीचे उपायही जिवावर बेतू शकतात. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनमध्ये अनेक मराठी कुटुंबे राहतात आणि मुलांकडे गेलेले आईवडीलही हिवाळ्यात तिथे असतात. वीज नसताना सुरक्षितपणे ऊब कशी टिकवायची, याविषयी…

टेक्सासमध्ये नेमके काय झाले?

१६ फेब्रुवारीला डॅलस परिसरात पारा उणे १९ अंश सेल्सिअसपर्यंत घसरला. हीटरमुळे विजेची मागणी वाढली आणि त्याच वेळी गॅसपुरवठा, वीज संच आणि पवनचक्क्या गारठून बंद पडू लागल्या. टेक्सासचे वीजजाळे देशातील अन्य दोन मोठ्या जाळ्यांपासून बरेचसे वेगळे असल्याने बाहेरून पुरेशी वीज घेता आली नाही. १५ फेब्रुवारीच्या पहाटे संपूर्ण जाळे कोसळायला अवघी ४ मिनिटे ३७ सेकंद उरली होती. ते वाचवण्यासाठी भारनियमन सुरू झाले. ते आळीपाळीने होणे अपेक्षित होते. पण रुग्णालयांसारख्या अत्यावश्यक सेवांच्या वाहिन्या सुरू ठेवाव्या लागल्याने उरलेल्या अनेक भागांत वीज गेली ती दोन-तीन दिवस आलीच नाही.

गॅसवरचा हीटर असूनही घर गार का पडते?

टेक्सासमधील निम्म्याहून अधिक घरे विजेवरच तापवली जातात. ज्या घरांत गॅसची भट्टी असते, तिथेही गरम हवा खोल्यांमध्ये ढकलणारा पंखा, ठिणगी पाडणारे यंत्र आणि तापमान नियंत्रक विजेवर चालतात. त्यामुळे गॅस असला तरी वीज गेली की ऊब थांबते. शिवाय तिथली बरीच घरे उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली आहेत. मग खिडक्यांच्या काचा, दारांखालच्या फटी आणि छत यांतून घरातील उष्णता झपाट्याने बाहेर जाते.

मग करायचे काय?

सगळे घर उबदार ठेवण्याचा नाद सोडून एकच खोली निवडावी. ती लहान, कमी खिडक्यांची, शक्यतो घराच्या आतल्या बाजूची आणि दिवसा ऊन येणारी असेल तर उत्तम. सगळ्यांनी तिथेच राहावे. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतो. चार जण एका खोलीत असले, की ४०० वॉटचा हीटर फुकट चालू आहे असे समजावे. दाराखालच्या फटीत टॉवेल, खिडक्यांवर जाड पडदे किंवा ब्लँकेट लावावे. ऊन येत असेल तेवढा वेळ मात्र पडदे उघडावेत. फरशीवर सतरंजी, गादी टाकावी, कारण थंड जमिनीला टेकलेले अंग पटकन गारठते.

पलंगावर किंवा टेबलाखाली चादरींचा छोटा तंबू केला, तर तापवायची हवा आणखी कमी होते. एका जाड कोटापेक्षा दोन-तीन सैलसर थर अधिक उपयोगी, कारण ऊब खरे तर थरांमधल्या अडकलेल्या हवेमुळे टिकते. आपल्या गोधडीचे गुपितही तेच. घाम आला तर एक थर काढावा. ओले कपडे अंगातील उष्णता वेगाने ओढून घेतात. टोपी, मोजे घालावेत. वादळाचा इशारा मिळताच थर्मासमध्ये गरम पाणी भरून ठेवावे, रबरी पिशवीसाठी ते कामी येते. पिशवी कपड्यात गुंडाळूनच वापरावी, नाहीतर ज्येष्ठांच्या आणि मधुमेहींच्या त्वचेला नकळत चटका बसतो. पाण्याचे पाइप गोठून फुटू नयेत म्हणून नळ थेंब-थेंब सुरू ठेवावा आणि मुख्य झडप कुठे आहे, हे आधीच पाहून ठेवावे.

मेणबत्ती आणि कुंडीचा ‘हीटर’ चालतो का?

समाजमाध्यमांवर मातीच्या कुंडीखाली छोट्या मेणबत्त्या लावून खोली तापवण्याच्या चित्रफिती फिरतात. अशी एक मेणबत्ती ३० ते ४० वॉट उष्णता देते. कुंडीमुळे त्यात एका वॉटचीही भर पडत नाही. तीन मेणबत्त्यांची उष्णता जेमतेम एका माणसाइतकी होते, आणि पडदे, ब्लँकेटच्या गराड्यात आगीचा धोका मात्र वाढतो. उजेडासाठी बॅटरीच बरी.

शेगडी आणि जनरेटर जीवघेणे का ठरतात?

कोळसा, लाकूड, पेट्रोल किंवा गॅस नीट जळला नाही, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ ही सुरुवातीची लक्षणे अनेकांना थकवा वाटतात, आणि झोपलेल्या माणसाला तीही जाणवत नाहीत. कोळशाचा धूर विझला तरी निखारे हा वायू सोडतच राहतात. म्हणून बार्बेक्यू किंवा कोळशाची शेगडी घरात नकोच. ऊब मिळवण्यासाठी गॅसचा ओव्हन उघडा ठेवू नये. गॅरेजचे दार उघडे असले तरी आत गाडी सुरू करून बसू नये. जनरेटर घराच्या दार-खिडक्यांपासून किमान २० फूट लांब, उघड्यावरच चालवावा. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा. तो वाजला, तर कारण शोधत न बसता सर्वांनी बाहेर पडून ९११ वर फोन करावा.

थंडी बाधल्याचे कसे ओळखावे?

शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेले, की ती आणीबाणी समजावी. आधी हुडहुडी भरते. पुढे बोलणे अडखळते, माणूस गोंधळतो, पेंगुळतो. थरथर थांबली म्हणजे बरे वाटू लागले, असे नव्हे. ते धोका वाढल्याचे लक्षण असू शकते. अशा व्यक्तीचे ओले कपडे काढून छाती, मान आणि पोटाकडचा भाग आधी उबदार करावा. हातपाय चोळू नयेत. शुद्धीवर असल्यास गरम, गोड पेय द्यावे, मद्य मात्र अजिबात नको. मद्याने ऊब आल्यासारखे वाटते, पण त्वचेकडील रक्तप्रवाह वाढून शरीरातील उष्णता आणखी कमी होते. ज्येष्ठांना थंडीची जाणीव उशिरा होते, म्हणून ‘मला काही होत नाही’ या उत्तरावर न थांबता त्यांच्याकडे अधूनमधून पाहत राहावे.

महाराष्ट्रासाठी यातून काय घ्यावे?

आपल्याकडे घरे विजेवर तापवली जात नाहीत, त्यामुळे वीज गेल्याने टेक्सासइतकी आपत्ती ओढवत नाही. पण निफाड, नाशिक, धुळे, गोंदियासारख्या भागांत पारा एक आकडी होतो आणि रात्री दारे-खिडक्या लावून खोलीत शेगडी ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. निखाऱ्यांचा नियम मात्र टेक्सासमध्ये आणि निफाडमध्ये एकच आहे. शेकायचे तर अंगणात शेकावे, झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर ठेवावी आणि खोलीत ऊब हवी असेल तर गोधड्यांचा एक थर वाढवावा.