फुकट पार्किंगचं बिल कोण भरतं?

गाडी घेताना आपण मायलेज बघतो, ईएमआय बघतो, कलर तर तीन-तीनदा बदलतो. पण ती उभी कुठे करायची, हा प्रश्न आपण रस्त्यावर सोडून देतो. अगदी शब्दशः! पुण्याच्या एफसी रोडपासून बार्शीटाकळीच्या बाजारापर्यंत सगळीकडे तोच सीन. जागा वाढवायची म्हटलं की सगळे हात वर करतात, पैसे कोण देणार म्हटलं की सगळे हात खाली!

तुम्ही मूळचे अकोला जिल्ह्यातले आणि सध्या हिंजवडी किंवा खराडीत नोकरीला असाल, तर हा अनुभव तुमच्या ओळखीचा आहे. शनिवारी संध्याकाळी जागेच्या शोधात पुण्यात तीन चकरा मारायच्या, चौथ्या चकरेला वैतागायचं आणि मनात म्हणायचं, "यापेक्षा आपलं गाव बरं! दुकानासमोर गाडी लावा, काम करा, निघा."

खरंच बरं आहे का? जरा तपासून बघू.

बार्शीटाकळी अकोल्यापासून वीसेक किलोमीटरवर. अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरचं स्टेशन, कालंका देवीचं जुनं दगडी देऊळ आणि तालुक्याचं ठिकाण. म्हणजे तहसील कार्यालय इथे, बँका इथे, बियाणं-खतांची दुकानं इथे. आजूबाजूच्या खेड्यांमधला माणूस सातबाऱ्यापासून सोयाबीनच्या बियाण्यापर्यंत सगळ्यासाठी इथेच येतो. पूर्वी तो बंडीने यायचा, मग एसटीने आणि काळी-पिवळीने. आता घरटी एक बाइक झाली, बऱ्याच घरांसमोर कारही आली. गावं पसरली, पण जुन्या बाजारपेठेचे रस्ते तेवढेच राहिले. ते आखले गेले तेव्हा बंडीला बंडी क्रॉस झाली की काम भागत होतं!

त्यामुळे चित्र आता सगळ्या तालुक्यांच्या गावी सारखंच. दोन्ही बाजूंना बाइक्सची रांग, मध्येच एक कार तिरपी, तिच्यामागे हॉर्न वाजवणारा ट्रॅक्टर. आणि कारवाल्याचं पेटंट उत्तर ठरलेलं: "दोनच मिनिटांसाठी तं लावली ना भाऊ!"

पावती कोणाची फाटते?

आता एक गंमत बघा. आठवडी बाजारात पोतं अंथरून वांगी-संभार विकायला बसणाऱ्या मावशीला त्या चार-पाच फुटांच्या जागेचे पैसे मोजावे लागतात. त्याला म्हणतात बाजार बैठकी. रक्कम छोटी, पण पावती फाटते. जागा सार्वजनिक आहे, तिचा वापर करून तू धंदा करतेस, तेव्हा पैसे दे, असा हा साधा हिशेब.

त्याच रस्त्यावर उभ्या असलेल्या कारला किती जागा लागते? नियोजनात एका कारसाठी साधारण अडीच बाय पाच मीटर जागा धरतात. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, जवळजवळ १३५ चौरस फूट. अकोल्याच्या टिळक रोडवर किंवा गांधी रोडवर एवढ्या जागेचं दुकान भाड्याने मागून बघा. आकडा ऐकून घाम फुटेल! तेवढीच जागा दुकानाबाहेर, कारला दिवसभर, शून्य रुपयात.

म्हणजे रोजच्या कमाईवर जगणारी मावशी जागेचं भाडं देते आणि आठ-दहा लाखांची गाडी देत नाही. पार्किंगच्या वादात हा मुद्दा कोणी काढत नाही, कारण मावशी पार्किंगच्या वादात नसतेच.

फुकट पार्किंग खरं तर फुकट नसतंच. रस्त्याचं डांबर सगळ्यांच्या करातून येतं, ज्यांच्याकडे सायकलही नाही त्यांच्यासुद्धा. फूटपाथ गाड्यांनी खाल्ला की शाळेतली पोरं रस्त्याच्या मधून चालतात. एसटी चौकात अडकली की पन्नास जण थांबतात. रुग्णवाहिका अडकली तर काय होतं, ते सांगायलाच नको. बिल निघतंच, फक्त ते गाडीच्या मालकाच्या नावाने निघत नाही.

आपल्या आजोबांना ही गोष्ट जास्त चांगली कळत होती. गुरं दुसऱ्याच्या शेतात शिरली की कोंडवाड्यात जायची आणि दंड भरून सोडवून आणावी लागायची. १८७१ चा कायदाच होता तसा. तुमचं जनावर, तुमची जबाबदारी. आजची टोइंगची गाडी म्हणजे चाकांवरचा कोंडवाडाच की! फरक एवढाच, की बैलासाठी घरी गोठा असायचा. गाडीसाठी असतोच असं नाही.

पुण्यात काय झालं?

हा वाद महाराष्ट्रात सगळ्यात गाजला तो पुण्यात, मार्च २०१८ मध्ये. शहरात नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली होती, म्हणजे माणसांपेक्षा गाड्या जास्त! महापालिका प्रशासनाने पार्किंग धोरण आणलं. कल्पना साधी होती. शहराचे तीन झोन करायचे, जिथे गर्दी जास्त तिथे दर जास्त आणि गाडीच्या आकारानुसार पैसे. बाइकला कमी, कारला जास्त.

आणि मग धुरळा उडाला. विरोधकांनी आंदोलनं केली. मुख्य सवाल होता, "आधी धड बससेवा द्या, मग गाडीचे पैसे मागा." चुकीचा होता का? अजिबात नाही. बसची वाट बघून बघून माणूस गाडी घेतो आणि मग त्यालाच गाडीबद्दल पैसे मागायचे, हे कोणालाही झोंबणारच. शेवटी सर्वसाधारण सभेत धोरण मंजूर झालं, पण फक्त पाच रस्त्यांवर, तेही प्रायोगिक तत्त्वावर. आणि तो प्रयोगही तेव्हा कागदावरच राहिला.

मुंबईने वेगळा गिअर टाकला. जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांपासून ५०० मीटरच्या आत बेकायदा गाडी लावली तर पाच हजारांपासून थेट तेवीस हजारांपर्यंत दंड! लोक हादरले. पण सगळ्यांनी हाही प्रश्न विचारला, की जिथे जवळपास वाहनतळच नाही, तिथे आम्ही काय करायचं? मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी त्याच्याही पुढची घोषणा केली: पार्किंगच्या जागेचा पुरावा नाही, तर गाडीची नोंदणी नाही. जपानमध्ये हा नियम १९६२ पासून आहे. आधी गाडी ठेवायची जागा दाखवा, मग गाडी घ्या. ऐकायला कडक वाटतं, पण जागा न बघता बैल विकत घेणारा शेतकरी तुम्ही पाहिलाय का कधी?

चार खिसे, एक बिल

पार्किंग सुधारायचं तर पैसे येणार कुठून? खिसे चारच आहेत.

पहिला खिसा सगळ्यांचा. नगरपंचायत किंवा महापालिका करातून वाहनतळ बांधते. लोकप्रिय उपाय, कारण कोणालाच थेट बिल येत नाही. पण बहुमजली वाहनतळात एका कारच्या जागेवर काही लाख रुपये सहज खर्च होतात. तेवढ्या पैशांत गल्लीत नाली होऊ शकते, दिवे लागू शकतात. ज्याच्याकडे कार नाही, त्याने ते का सोडायचे?

दुसरा खिसा बिल्डरचा. नव्या इमारतीत किती पार्किंग हवं, हे नियमात लिहिलेलं असतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, ती छोट्या नगरपंचायतींनाही लागू आहे. पण नकाशात पार्किंग म्हणून दाखवलेल्या बेसमेंटमध्ये नंतर गोडाऊन किंवा दुकानं निघतात, हे कोणाला माहीत नाही? हा खिसा उघडायला नवा कायदा लागत नाही, जुना नकाशा हातात घेऊन एक चक्कर मारावी लागते.

तिसरा खिसा दुकानदारांचा. त्यांची भीती खरी आहे. "पैसे लावले तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल." पण जरा हिशेब करा. दुकानासमोरची एक जागा सकाळी दहा ते रात्री आठ मोकळी राहिली आणि प्रत्येक गाडी पाऊण तास थांबली, तर त्या एका जागेवर दिवसभरात तेरा गिऱ्हाइकं येऊन जातात. तिथे मालकाची स्वतःचीच गाडी सकाळी लागली आणि रात्रीच हलली तर? शून्य! बाजारात फिरून बघा, दुकानांसमोर दिवसभर न हलणाऱ्या किती गाड्या दुकानवाल्यांच्या आणि त्यांच्या नोकरांच्या आहेत ते.

चौथा खिसा गाडीवाल्याचा. म्हणजे तुमचा-माझा. आणि राग सगळ्यात जास्त इथेच येतो.

पैसे जातात कुठे, हा खरा सवाल

अमेरिकेत डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते गेले. पार्किंग या विषयावर त्यांनी आयुष्य घालवलं आणि २००५ मध्ये फुकट पार्किंगच्या महागड्या किमतीवर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांचे दोन फंडे इथे महत्त्वाचे. एक, दर असा ठेवा की प्रत्येक रस्त्यावर एक-दोन जागा कायम रिकाम्या राहतील, म्हणजे कोणाला चकरा माराव्या लागणार नाहीत. दोन, आलेला पैसा त्याच रस्त्यावर खर्च करा.

दुसऱ्या फंड्याचं उदाहरण ते कॅलिफोर्नियातल्या जुन्या पॅसाडेना बाजारपेठेचं द्यायचे. १९९३ मध्ये तिथे पार्किंग मीटर बसवायचे ठरले, तेव्हा दुकानदारांचा विरोध आपल्यासारखाच होता. मग नगरपालिकेने कबूल केलं, की मीटरचा पैसा याच बाजारात लागेल. फूटपाथ, झाडं, दिवे, सफाई. विरोध मावळला आणि पडीक बाजारपेठ पुन्हा गजबजली.

आपल्याकडे घोडं इथेच पेंड खातं. ठेकेदाराचा माणूस पावतीपुस्तक घेऊन उभा असतो. कधी पावतीवरचा आकडा आणि मागितलेला आकडा जुळत नाही, कधी पावतीच मिळत नाही. जमलेले पैसे कोणत्या खड्ड्यात जातात ते दिसत नाही, आणि रस्त्यावरचा खड्डा मात्र रोज दिसतो! लोक दहा रुपयांना घाबरत नाहीत, ते दहा रुपये गायब होतील याला घाबरतात.

बार्शीटाकळीच्या मापाचं उत्तर

आता छोट्या गावाचा प्रामाणिक हिशेब करू. समजा बाजारात शंभर बाइक्सची जागा आखली, तासाला दोन रुपये दर ठेवला आणि रोज आठ तास ती भरलेली राहिली. रोजचे झाले १,६०० रुपये. वर्षात ३०० दिवस धरले तर ४ लाख ८० हजार. म्हणजे महिन्याला ४० हजार. दोन माणसांचा पगार दिला की त्यातलं फारसं काही उरत नाही.

थोडक्यात, तालुक्याच्या गावात पार्किंगच्या पैशातून कोणी श्रीमंत होणार नाही, वाहनतळाची इमारत तर विसराच. पण दोन रुपयांचा उपयोग वेगळा आहे. फुकट असलं की गाडी दिवसभर उभी राहते, पैसे लागले की काम झाल्यावर निघते. म्हणजे एक वीटही न रचता जागा वाढते!

मग करता येण्यासारखं काय आहे?

• पहिला अर्धा तास सगळ्यांना फ्री. औषध घ्यायला, पीककर्जाचा कागद द्यायला आलेल्या माणसाला भुर्दंड नको.
• दिवसभर थांबणाऱ्या गाड्या बाजाराबाहेरच्या मोकळ्या जागेत. दुकानदारांनी स्वतःपासून सुरुवात करावी.
• पांढरे पट्टे मारून बाइक, कार, ऑटो यांच्या जागा वेगळ्या. एका कारच्या जागेत पाच-सहा बाइक्स मावतात, हे लक्षात ठेवूनच.
• आठवडी बाजाराच्या दिवशी कार बाजारात नाहीच. बैठकी भरणाऱ्यांचा त्या दिवशी पहिला हक्क.
• दर महिन्याला किती जमले आणि कशावर खर्च झाले, याचा फलक त्याच चौकात. बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह हा पहिला खर्च असेल, तर बाजारात कोणी नाक मुरडणार नाही.

यातल्या कशालाही करोडोंचा प्रकल्प लागत नाही. लागतो तो थोडा रंग, दोन माणसं आणि थोडं धैर्य. कारण पहिली पावती ज्याची फाटेल, तो कोणाचा ना कोणाचा भाऊजी, भाचा नाहीतर मित्र निघणारच! गाव छोटं असलं की नियम मोडणारा ओळखीचा असतो. पण त्याचा एक फायदाही आहे. ओळखीच्या माणसाला समजावून सांगता येतं, आणि हिशेबाचा फलक चुकला तर जाबही विचारता येतो. पुण्यात जे पाच रस्त्यांवर जमलं नाही, ते एका छोट्या बाजारात जमू शकतं ते याच कारणाने.

आणि तुम्ही, जे सुट्टीत नवी कार घेऊन गावी जाणार आहात? आधी एवढंच करा. गाडी बाजाराबाहेर लावा आणि दोनशे पावलं चाला. वाटेत दोन ओळखीचे भेटतील, मावशीकडची ताजी वांगी दिसतील, स्टेप काउंटही वाढेल. आणि उद्या कोणी पावती घेऊन समोर आलं तर "कशाचे पैसे?" हा प्रश्न जरूर विचारा, हक्कच आहे तो. पण "याच रस्त्याचे, तो बघा फलक," असं उत्तर मिळालं, तर घासाघीस न करता सुट्टे काढा. मावशी तर कधीपासून काढतेच आहे.